अंगरख्याचे बंद आणि साखरेची बरणी

आमच्याकडे गोव्यात डिचोलीच्या बाजूला जत्रेच्या रात्री नाटक नसेल, तर लोक देवाला हात जोडून आठ वाजताच घरी परततील. गेल्याच्या गेल्या पौषात अशाच एका ऐतिहासिक नाटकात मी सरदार होतो. अंगरख्याला बटणे नसतात, बंद असतात, त्यामुळे नट थोडा सुटला तरी बंद सैल बांधून वेळ मारून नेता येते. माझे बंद मात्र एकमेकांना भेटायलाच तयार नव्हते. ड्रेपरीवाल्याने गुडघा माझ्या पाठीला टेकवला आणि म्हणाला, "सर, पोट भितर घेयात मरे!" मी घेतले. पहिल्या अंकात तलवार उपसताना ते बाहेर आले. बंद तुटल्याचा आवाज पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या नववीच्या पोरांपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर तलवार काढलेली होती.

मी त्रेपन्न वर्षांचा, हायस्कुलात मराठी शिकवतो. उंची पाच फूट सहा इंच, तेव्हाचे वजन ८६ किलो, कंबर १०४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० च्या वर गेली की डॉक्टर भुवया उंचावतात, हे मला नंतर कळले. वजन उतरवायला सुरुवात करायला जून उजाडला, कारण मे महिन्यात गोव्यात कोणी पथ्य सुरू करीत नाही, मानकुराद आंबे असतात. जून ते एप्रिल, दहा महिन्यांत ७८ वर आलो. चालणे पूर्वीइतकेच होते, घर ते शाळा आणि परत. बदलली ती साखर, आणि पुढे थोडा भात. कसे, ते सांगतो.

पण आधी एक सूचना. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नका. औषध तेवढेच आणि साखर एकदम कमी, असे झाले की रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

आधी बरणी

साखर कमी करायची तर किती खातो ते माहीत हवे. मला विचारले असते तर मी छातीठोकपणे सांगितले असते, "मी गोड फारसे खात नाही." घरात मिठाई नसते, जेवणानंतर गोड लागत नाही, आइस्क्रीम लग्नात. मग पोट आले कुठून?

आईकडून लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी मागून घेतली. तिने अट घातली, "एप्रिलांत परत दी, मिस्कूट घालपाक जाय." मिस्कूट म्हणजे आमचे कैरीचे लोणचे. बरणीचा नियम एकच होता. दिवसभरात पोटात गेलेली साखर रात्री आठवायची आणि तेवढीच कोरडी साखर डब्यातून काढून बरणीत टाकायची. घरचा चहा, शाळेतला चहा, तालमीतला चहा, हॉटेलातला बन, बिस्किटे, थंड पेय, सगळे. पाकिटावरच्या वस्तूंचा आकडा वेष्टनावर मिळतो. बाकीचा अंदाज, पण प्रामाणिक.

त्याआधी आपला चमचा मोजा. पुस्तकात चमचाभर साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. ती सपाट चमच्याची गोष्ट. आमच्या घरचा चमचा डोंगर घेऊन कपात उतरतो. वाण्याच्या काट्यावर मी दहा चमचे एकत्र तोलले तर सत्तर ग्रॅम भरले. म्हणजे "दोनच चमचे घालतो" म्हणणारा मी प्रत्यक्षात तीन घालत होतो.

आठवड्याने बरणीत ५६० ग्रॅम साखर जमली. दिवसाला ८० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी आहे: वरून घातलेली साखर, शिवाय मध, पाक आणि फळांचा रस यांतली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरे. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५. अख्खे फळ आणि साधे दूध या हिशेबात येत नाही. माझ्या ८० ग्रॅमचे ३२० उष्मांक होतात, साधारण तीन चपात्यांइतके; आणि त्यांनी भूक काडीचीही भागत नव्हती. वर्षाचा हिशेब केला तर २९ किलो. धारबांदोड्याचा संजीवनी हा गोव्याचा एकुलता एक साखर कारखाना बंद पडला, पण माझ्या घरी गाळप जोरात चालू होते.

खरा धक्का वेगळाच होता. त्या ५६० ग्रॅमपैकी पावणेचारशे ग्रॅम साखर चहाची निघाली. उरलेली बिस्किटे, बन आणि सोड्याची. मिठाईची म्हणाल तर त्या आठवड्यात एका सत्यनारायणाच्या शिऱ्याचा द्रोण, बस्स. आपण पथ्य करायचे म्हटले की पहिल्यांदा त्या बिचाऱ्या शिऱ्यावर कुऱ्हाड घालतो.

चहा: सगळी लढाई इथेच

एकदम बंद करून पाहिले होते, त्याच्या आदल्या वर्षी. चहाच सोडला. तिसऱ्या दिवशी डोके असे दुखले की अर्धा वर्ग मी बाकावर उभा केला. पाचव्या दिवशी एका लग्नात तीन कप चहा आणि चार जिलब्या. डोके दुखले ते बहुधा चहा सुटला म्हणून. मी मात्र दोष साखर सोडण्याला दिला. तेव्हा चहा ठेवा, साखर हळूहळू काढा.

माझा वेग असा होता: दर दहा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी. पहिल्या दहा दिवसांत फक्त डोंगर सपाट केला. कोणाला कळलेही नाही, मलाही नाही. मग दीड, मग एक. एकवरून अर्ध्यावर येताना चार दिवस चहा औषधासारखा लागला; पाचव्या दिवशी जिभेने मुकाट्याने मान तुकवली. साधारण सहा आठवड्यांत सकाळचा एक कप अर्ध्या सपाट चमच्याचा आणि बाकी सगळे बिनसाखरेचे, इथवर पोचलो. तो सकाळचा अर्धा चमचा मी अजून ठेवला आहे. तेवढा मोह असू द्यावा.

यातली किल्ली चहा करण्याच्या पद्धतीत आहे. आपण पावडर घालून चहा दहा-दहा मिनिटे उकळवतो, तो कडू-तुरट होतो आणि मग तो कडवटपणा मारायला साखर लागते. बिघडलेल्या चहाची चूक साखर झाकते. मी पाण्यात आले आणि गवती चहाची पात आधी उकळून घेतो, पावडर शेवटी घालतो, दोन मिनिटे झाकण ठेवतो आणि गाळतो. दूध वेगळे गरम करून वरून. हा चहा बिनसाखरेचा पिता येतो. उकळून काळा केलेला येत नाही, हट्टाने प्रयत्न करू नका.

घराबाहेर प्रश्न वेगळा. हॉटेलात चहा आधीच साखर घालून उकळलेला असतो; "साकर उणी" (साखर कमी) म्हटले तरी त्याच टोपातला येतो, फक्त मान डोलावून. तिथे काळा चहा, लिंबू पिळून, साखर बाजूला, असे मागायचे. शाळेच्या स्टाफरूममध्ये किटलीतून येतो. मी आमच्या प्यूनला सांगून साखर घालण्याआधी माझा कप काढून ठेवायला लावला. महिनाभर त्याचे स्मरण राहावे म्हणून मीच किटलीजवळ जाऊन उभा राहिलो. माणूस विसरतो, त्याचा दोष नाही.

तालमीतला चहा सगळ्यात अवघड. रात्री नऊला आणि साडेअकराला मंडपात मोठा थर्मास येतो, आणि जो पीत नाही त्याला सगळे मिळून पाजतात. इथे नटाची एक युक्ती कामी आली. हातात कप असलेल्या माणसाला कोणी चहा विचारत नाही. दोन घोट घ्यायचे आणि तोच कप संवाद होईपर्यंत हातात धरून ठेवायचा. रंगभूमीवर रिकाम्या पेल्यातून मद्य पिणारा मी, मला हे काय जड!

आपले पथ्य जाहीर मात्र करू नका. मी "साखर सोडली" असे एकदाच म्हणालो आणि पुढचे पंधरा दिवस सगळ्यांना माझ्या मधुमेहाची काळजी लागून राहिली. "आज पित्त आहे" म्हणा. पित्ताला आपल्याकडे सगळे मान देतात.

गुळाची फसवणूक

साखर कमी केली म्हटल्यावर आईने माडाच्या गुळाचा काळा गोळा पुढे केला. "हाका कांय जायना, हो औशदी." म्हणजे याने काही होत नाही, हा औषधी. माडाच्या गुळाची चव मला कुठल्याही साखरेपेक्षा प्रिय आहे, दोदोल ही आमची मिठाई त्याच्याशिवाय दोदोल नव्हे. पण वजनाच्या काट्याला चव कळत नाही. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, गुळात सुमारे ३८०. गुळात थोडे लोह, थोडी खनिजे असतात हे खरे, पण ती अंगी लागण्याइतका गूळ खायचा तर पोट पुन्हा अंगरख्याबाहेर. मधाचीही तीच गत, त्यात तर ऐंशी टक्के साखरच. त्यामुळे गूळ आमच्याकडे खतखत्यात (मिश्र भाजीत), तोणकात (उसळीत) चिमूटभर पडतो तो पडू द्या, त्याने काही बिघडत नाही. चहात साखरेऐवजी गूळ घालून पथ्य केल्याचे समाधान मात्र मानू नका.

गोड गोळ्यांबद्दलही सांगतो, कारण स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने मला डबी आणून दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा साखरेच्या पर्यायांवर विसंबू नये. ती शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही. मला त्यात दुसरी अडचण वाटली: जीभ गोडाला चिकटलेलीच राहते. मला ती सोडवायची होती.

पिण्यातली साखर

चहानंतर थंड पेये. कोलाच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर. म्हणजे पाच टक्क्यांची अख्ख्या दिवसाची मर्यादा, पाच घोटांत. आणि गंमत अशी की पातळ साखरेने पोट भरल्याची जाणीव होत नाही. त्यानंतर आपण जेवतो तेवढेच. उराकाच्या, म्हणजे काजूच्या हलक्या दारूच्या, दिवसांत लिंबाच्या वासाचा गोड सोडा त्यात ओतला जातो, तेव्हा लोक उराकाला नावे ठेवतात आणि सोड्याला विसरतात. (उराकाचे उष्मांक वेगळे, त्यावर मी बोलणार नाही, मित्र वाचतील.)

माझा पर्याय सोलांचे पाणी. भिरंडाची (कोकमाची) चार-पाच सोले रात्री पाण्यात टाकायची, सकाळी कुस्करून गाळायची, मीठ, जिरेपूड, हवी तर हिरव्या मिरचीचा तुकडा. बाजारात मिळणारे कोकम सरबत वेगळे, तो पाकच असतो. बाटली फिरवून मागचे वाचा. ताक चालते. शहाळे चालते, रोज दोन नव्हेत. उसाचा रस आणि मोसंबीचा रस हे दोन्ही साखरच. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात. तीन-चार मोसंबी सोलून खायला बसा, दुसऱ्यावरच हात थांबतो.

सकाळी काय खाल्ले, त्यावर अकराचे बिस्कीट ठरते

हे मला उशिरा कळले. पूर्वी शाळेत जाताना हॉटेलात बन खायचो. आपला बन म्हणजे केळे, मैदा, साखर, आणि वर तळलेला. अकरा वाजता पोटात खड्डा पडायचा, मग स्टाफरूमच्या डब्यातली मारी बिस्किटे. मारी बिस्कीट आजाऱ्याचे अन्न अशी आपली समजूत, पण त्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅमच्या वर साखर असते.

आता पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याला मी पाव न घेता एक पोई, म्हणजे कोंडा लावलेली गोल पोकळ रोटी, घेतो आणि तिच्याबरोबर अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक किंवा दोन अंडी. सोमवारी मूग. कडधान्याचे किंवा अंड्याचे पोटात गेले की दुपारपर्यंत बिस्किटांची आठवण येत नाही. साडेचार-पाचला मात्र येते. तेव्हा मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उरलेले मूग. पाव-भाजी चालते, बनाऐवजी तीच घ्या. सोबत आलेल्या केचपकडे लक्ष ठेवा. मोठ्या चमचाभर केचपमध्ये चार ग्रॅमच्या आसपास साखर असते.

वेष्टन वाचण्याबद्दल थोडक्यात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या तिनांत दिसली की ते गोड आहे, मग चव कशीही असो. साखर वेगळ्या नावांनीही येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. पोषणाच्या चौकटीत 'अ‍ॅडेड शुगर्स' अशी ओळ असते, तीच बघायची. आणि 'शुगर फ्री' बिस्किटांत मैदा आणि तूप-तेल तसेच असते, म्हणून उष्मांकांची ओळही वाचा. मी वाचली आणि पाकीट परत फळीवर ठेवले.

झोपेचेही सांगायला हवे. तालमी रात्री एकपर्यंत चालल्या की दुसऱ्या दिवशी मला गोडाची जी ओढ लागायची, ती पूर्ण झोपलेल्या दिवशी लागत नसे. तालमी बंद करणे माझ्या हातात नव्हते, म्हणून दुपारी अर्धा तास आडवा व्हायचो.

चवथ

पंचवीस वर्षे मी वाड्यावरच्या घुमट आरतीत आहे. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत रात्रभर घरोघरी आरत्या, आणि प्रत्येक घरी ताट: नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकली, पंचखाद. पंधरा घरे म्हणजे पंधरा नेवऱ्या. नाही म्हटले तर काकी रुसते. "इल्लेंशें घे मरे, कांय जायना."

मी ठरवले, हातची नेवरी खाईन, खोक्यातली बर्फी नाही. चवथीचे गोड घरात हातांनी केलेले असते, ते वर्षात चार दिवस येते. खोक्यातली मिठाई बारा महिने कोणाच्या ना कोणाच्या बढतीची, निकालाची, गाडीची असते. रात्रीला दोन नेवऱ्या, त्याही आवडत्या घरच्या. बाकी ठिकाणी प्रसादाची चिमूट जिभेवर ठेवायची आणि चकलीला हात घालायचा. पुढे जत्रेत खाजे आले, त्यालाही हाच न्याय. दोन कांड्या तिथेच उभ्याने खाल्ल्या, पुडी घरी आणली नाही. पुडी घरी आली की रात्री साडेअकराला ती हाक मारते. पातोळ्या आणि मणगणे (डाळीची खीर) यांना मी नियम लावलेच नाहीत. आईच्या हातचे मणगणे वाटीभर खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिनसाखरेच्या चहाला लागलो.

त्या महिन्यात पाऊण किलो वाढले. पुढच्या महिन्यात उतरले.

काटा अडतो तेव्हा

पहिल्या महिन्यात दीड किलो गेले आणि मी हवेत होतो. तिसऱ्या महिन्यात काटा हललाच नाही. बायकोला कारण लगेच दिसले: "साखर सोडलीत, पण शिताचा ढीग बघा." खरेच होते. चहातले उष्मांक मी हुमणाबरोबर (माशाच्या आमटीबरोबर) भातातून वसूल करत होतो. तेव्हा आधी बांगडा, भाजी, मग भात, आणि भात वाढून घेतला की टोप आत न्यायचा. टोप टेबलावर असेल तर हात आपोआप जातो. उकड्या तांदळाची पेज मात्र सोडली नाही, सकाळी दहाची पेज सुट्टीच्या दिवशी हवीच.

वजन रविवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी, एकदाच. रोज करू नका. खारे सुंगट (खारवलेली कोळंबी) खाल्ले की दुसऱ्या दिवशी अंगात पाणी धरून काटा किलोभर वर दिसतो आणि माणूस उगाच चिडून लाडू खातो. मी खाल्ला आहे.

डिसेंबरात पुन्हा ड्रेपरीवाला आला, तोच. वजन तेव्हा साडेऐंशी. बंद जुळले, वर वीतभर दोरी लोंबायला उरली. त्याने ती पाहिली आणि काळजीने विचारले, "सर, बरे मू?" तालमीतल्या एकाने परस्पर उत्तर दिले, "पित्त आहे त्यांना."

बरणी मी अधूनमधून आठवडाभर चालवत राहिलो. मार्चमधला आकडा १६५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २४ च्या खाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मानकुरादचे कच्चे तोर (कैऱ्या) आले आणि आईने बरणी मागितली. धुऊन, उन्हात वाळवून दिली. आता ती फडताळाच्या वरच्या खणात आहे, मिस्कुटाने गळ्यापर्यंत भरलेली, तोंडाला फडके बांधून.